दोष मीटरच्या अलीकडे की पलीकडे?

अंधेरी-बोरिवलीच्या टॉवरमध्ये लिफ्ट निघताना दिवे लुकलुकले, की ठपका वीज कंपनीवर बसतो आणि सोसायटीच्या सभेत स्टॅबिलायझरची कोटेशनं फिरू लागतात. कंपनी अदाणी असो, टाटा असो की मुलुंडकडची महावितरण, तक्रारीचा सूर तोच. पण वीज बिघडवणारं उपकरण अनेकदा आपल्याच इमारतीत असतं, आणि ते जागेवर मोजल्याशिवाय कळत नाही. जुना बल्ब किंवा गीझर व्होल्टेजच्या लाटेबरहुकूम करंट घेत असे. एलईडी, संगणक, लिफ्टचा ड्राइव्ह, ई-वाहनाचा चार्जर ही उपकरणं आतल्या आत एसीचं डीसी करतात, आणि त्यांतली बरीचशी लाटेच्या शिखरापाशीच करंट ओढतात. त्यामुळे ५० हर्ट्झच्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्झचे प्रवाह वायरीत शिरतात. हेच हार्मोनिक्स. एवढ्याशा दिव्याचा काय तो हिशेब, असं कुणी म्हणेल. पण तिन्ही फेजचे ५० हर्ट्झचे समसमान प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, तर १५० हर्ट्झचे तिथे एकत्र साचतात. म्हणून फेज समतोल असूनही न्यूट्रल तापू शकते. साधा टाँग टेस्टर शुद्ध लाट गृहीत धरतो आणि अशा वेळी करंट कमी दाखवतो. ट्रू आरएमएस जातीचाच मीटर इथे हवा.

मीटर रूममध्ये विजेची गुणवत्ता मोजणारा अ‍ॅनालायझर लावून व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी नोंदवले, तर दिशा कळते. व्होल्टेज पडताना करंट उसळला, तर कारण बहुधा आपल्या बाजूला. करंट न वाढता व्होल्टेज पडलं, तर पलीकडे. एका फेजवरचे दिवे प्रखर आणि दुसऱ्यावरचे मंद होत असतील, तर संशय सैल न्यूट्रलवर घ्यावा आणि ते काम त्याच दिवशी करावं, कारण त्यात उपकरणं जळतात. महागडा फिल्टर सुचवणाऱ्याला आधी जोडण्या तपासल्या का, हे जरूर विचारावं. तासाभराच्या मोजणीवरही विसंबू नये. साकीनाक्याच्या गाळ्यांतलं वेल्डिंग रोज सारखं चालत नाही. म्हणूनच युरोपीय मानक ईएन ५०१६० दहा-दहा मिनिटांच्या सरासरीने पूर्ण आठवडा पाहतं. मात्र लाटेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. चार-पाच आवर्तनांपुरती झालेली घसरण त्या सरासरीत बुडून जाते, पण तेवढ्याने लिफ्टचा ड्राइव्ह बंद पडू शकतो. तिची नोंद वेगळी ठेवावी लागते.

मोजणीचा हा खर्च ग्राहकाने का करावा, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या नावातच विजेच्या गुणवत्तेचा उल्लेख आहे. चांगला पुरवठा देणं कंपनीचंच काम आहे. पण आपल्या वायरिंगची दुरुस्ती तिच्या गळ्यात घालता येत नाही, आणि दोष तिचा असेल तर आठवडाभराच्या नोंदीसमोर तोंडी उत्तर देऊन भागत नाही. तेव्हा पुढच्या सभेत स्टॅबिलायझरचा ठराव मांडण्याआधी मोजणीचा ठराव मांडा.