जॅझमधील उपज : थाटाचे ज्ञान आणि स्वरमेळाची दृष्टी

जॅझ-वादक आयत्या वेळी स्वररचना करतो. तेव्हा त्यास शास्त्राची गरज नसावी, असा एक समज आढळतो. मुंबईतील जॅझचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. १९३५ साली लिऑन ॲबे यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर हे संगीत आत्मसात करण्यात गोमंतकीय वादक अग्रभागी होते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकीच एक. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी व बहुस्वरी गायन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या पायावर अनेक गोमंतकीय वादकांची उपज उभी राहिली.

रागसंगीताच्या अभ्यासकाजवळही एक पाया असतोच. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट पाश्चात्त्य स्वरसप्तकांशी जुळतात. उदाहरणार्थ, काफी व 'डोरियन' यांचे स्वर एकच आहेत. माइल्स डेव्हिस यांची 'सो व्हॉट' (१९५९) ही रचना याच सप्तकावर आधारलेली आहे. मात्र तिच्या मधल्या भागात षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो.

मूलभूत भेद येथेच आहे. तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये मात्र सुरावटीखालील स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, सतत बदलत राहतो व त्याबरोबर प्रत्येक स्वराचा अर्थही बदलतो. जॅझमधील सर्वांत रूढ स्वरमेळक्रम आपल्या स्वरनामांत असा मांडता येईल : 'रे म ध सां', मग 'प नि रें मं', आणि अखेर 'सा ग प नि'. पहिल्या मेळात मध्यम हा मूळ स्वरापासून तिसरा, तर दुसऱ्यात तोच सातवा ठरतो.

मेळाची ओळख मुख्यत्वे या तिसऱ्या व सातव्या स्वरांवरून पटते. ते क्रमाने पाहू : म आणि सां, नि आणि म, ग आणि नि. पहिल्या बदलात मध्यम स्थिर राहून षड्ज निषादावर उतरतो. दुसऱ्यात निषाद स्थिर राहून मध्यम गंधारावर येतो. दोन्ही वेळी अंतर अर्ध्या स्वराचेच आहे. श्रोत्यास जाणवणारी गती व विश्रांती ही मुख्यतः या दोन उतारांची निष्पत्ती होय.

म्हणून नवशिक्याने हार्मोनियमवर हे तीन मेळ धरून प्रथम एवढेच स्वर गावेत. इतर स्वरांची गुंफण नंतर करावी. केवळ सप्तक पाठ करून राग सिद्ध होत नाही, त्यास चलन लागते; तद्वतच केवळ थाट जाणल्याने जॅझ साधत नाही. त्यासाठी बदलत्या षड्जाचे भान कानात मुरावे लागते.