सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष होतं!

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासाला बंद पडत होतं. कधी ही एरर, कधी ती, कधी थेट निळी स्क्रीन. दोनदा नव्याने इन्स्टॉल केलं, ड्रायव्हर बदलले. पालथ्या घड्यावर पाणी. खरं तर एरर दर वेळी वेगळी, यावरूनच मला कळायला हवं होतं. सॉफ्टवेअरमधला बग सहसा ठरावीक जागी अडखळतो. रॅम चुकू लागली की काहीही, कुठेही कोसळतं.

माझी डीडीआर४ रॅम ३६०० ची, पण वेगाचा तो आकडा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे बायोसमधून चालू करायच्या जादा वेगाच्या सेटिंगचा. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकात डीडीआर४ ची मजल ३२०० पर्यंतच. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असो. त्यात मी चारही स्लॉट भरलेले, तेही दोन वेगवेगळ्या किटनी (हौस!). प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर त्याने आणखी ताण येतो.

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. तिथे एकसुद्धा चूक खपवून घ्यायची नसते. माझ्याकडे तर रांगच लागली. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घेतली: शून्य. आता वेग कमीच ठेवलाय. रेंडरिंगला जरा जास्त वेळ लागतो, पण ते पुरं होतं.