आर्मेचरला आवरतं कोण?

डीसी मोटरच्या आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, मल्टिमीटर लावायचा, आकडा ०.५ ओहम दिसायचा आणि नवख्या पोराने निकाल द्यायचा, "वाइंडिंग शॉर्ट आहे, गेलं हे." गेलेलं काही नसतं. जाड तांब्याच्या तारेचे मोजके वेढे. धडधाकट आर्मेचरचा रोध एवढाच असतो.

हे पटलं की पोरगं गणित मांडतं. २२० व्होल्टला ०.५ ने भागलं की ४४० अँपिअर. मग ही मोटर चालते कशी? ओहमचा नियम बरोबरच आहे, हिशेबात एक वजाबाकी राहिली आहे. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या तारांमध्ये जनित्रासारखाच व्होल्टेज तयार होतो आणि तो सप्लायच्या विरुद्ध ढकलतो. वर्कशॉपमध्ये त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. मोटर पुऱ्या वेगात असताना तो २१० व्होल्ट असेल, तर उरले दहा. करंट २० अँपिअर. आवर घालतो तो वेग, तार नव्हे.

"मोटर अडकलीय, काम करत नाही, मग वीज कशाला खाईल?" हा समज सगळ्यांत महागात पडतो. शाफ्ट जाम झाला की बॅक ईएमएफ शून्य, आणि ते ४४० अँपिअर खरे होऊ पाहतात. आधी तापल्या वार्निशचा वास, मग धूर.

चालू करतानाही वेग शून्यच असतो. म्हणून तर आयटीआयमध्ये थ्री पॉइंट स्टार्टरचं हँडल टप्प्याटप्प्याने सरकवायला, म्हणजे आर्मेचरच्या वाटेतला रोध हळूहळू काढायला शिकवतात. घाईच्या पोरांना तो नुसता सोपस्कार वाटतो. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तिथल्या जुन्या लोकलही सुटताना मोटरच्या वाटेत रोध घालायच्या आणि वेग येईल तसा काढून घ्यायच्या.

आणि डीसी मोटरच्या आर्मेचरमध्ये डीसी वाहतो, हेही खरं नाही. ब्रशपर्यंतच डीसी. पुढे कॉम्युटेटर प्रत्येक वेढ्यातली दिशा सतत उलटवत असतो. चार पोलची मोटर मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर वेढ्यात सेकंदाला ५० आवर्तनं होतात. घरातल्या प्लगमध्ये असतात तेवढीच. आर्मेचरच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्वही तितक्याच वेळा उलटतं. सलग लोखंड वापरलं तर त्यात भोवरा प्रवाह उठून ते उगाच तापेल. जुनं आर्मेचर कडेने निरखून पाहा: वार्निश लावलेल्या पातळ पत्र्यांची चवड दिसेल.