बिनतारी संवेदक जालाचे आयुर्मान

तापमान, आर्द्रता, धूर इत्यादींची मोजमापे घेऊन ती रेडिओलहरींद्वारे आधारकेंद्राकडे पाठवणाऱ्या लहान उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाल म्हणतात. यातील प्रत्येक उपकरण, म्हणजे नोड, सहसा बॅटरीवर चालतो. बॅटऱ्या संपत जातात तसे जालाचे रूप पालटते. हा पालट आधीच अजमावण्यासाठी गणिती प्रारूपे वापरतात.

वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेल्या प्रारूपानुसार एक बिट पाठवताना किंवा स्वीकारताना यंत्रणेत ५० नॅनोज्यूल ऊर्जा खर्च होते. शिवाय प्रक्षेपणाचा खर्च अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केंद्राचा स्वतःचा खर्च वगळता १०० मीटर अंतरावर थेट पाठवण्यास बिटमागे १.०५ मायक्रोज्यूल लागतात. मध्यावर एक नोड ठेवल्यास ०.६५ पुरतात. मात्र या बचतीचा भार केंद्रालगतच्या नोडांवर पडतो. सर्वांची माहिती त्यांच्यामार्फत जात असल्याने तेच आधी संपतात आणि दूरचे नोड धडधाकट असूनही मुके होतात. त्यामुळे केवळ चालू नोडांच्या संख्येवरून जालाचे आयुष्य ठरवणे फसवे असते. भार वाटण्याचा एक मार्ग म्हणजे याच तिघांची 'लीच' पद्धत. तीत नोडांचे गट पाडून गटप्रमुखाचे काम आळीपाळीने सोपवतात.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नाशिकच्या द्राक्षमळ्यात 'ॲग्रीसेन्स' हे जाल उभारले होते. द्राक्षावरील केवडा, म्हणजेच डाऊनी, या रोगाचा अंदाज पानांवरील ओलावा व तापमान यांवरून बांधता येतो. नेमक्या दमट दिवसांत नोंदी तुटल्या, तर फवारणीची वेळ हुकू शकते.