इंग्रजी वाक्याची बांधणी आणि इंदूरचे मराठी घर

इंदूरमधील मराठी कुटुंबातील मूल साधारणपणे तीन भाषांत वाढते. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि मराठी भाषेने या नगरात मूळ धरले. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली. असे असूनही इंग्रजी शिकताना घरची मराठी ही अडचणच ठरते, असा समज अनेक पालकांत आढळतो. वाक्यरचनेचा थोडा विचार केला, तर हा समज टिकत नाही.

‘रमाने सकाळी राजवाड्याजवळ पोहे खाल्ले’ हे इंदुरी वाक्य पाहावे. यातील कर्ता रमा, कर्म पोहे आणि क्रियापद खाल्ले. इंग्रजीत हेच वाक्य ‘रमा एट पोहे निअर राजवाडा इन द मॉर्निंग’ असे होते. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते; इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि कर्म त्याच्या नंतर. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम इंग्रजी वाक्याचा कणा होय.

हा क्रम इंग्रजीत इतका कडक का, याचे कारण विभक्तीत आहे. ‘आईने मुलीला बोलावले’ आणि ‘मुलीला आईने बोलावले’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोणी कोणाला बोलावले ते सांगतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. तेथे शब्दाचे स्थान हेच प्रत्ययाचे काम करते. ‘मदर कॉल्ड द गर्ल’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, की बोलावणारी मुलगी ठरते आणि अर्थ उलटतो.

दुसरा भेद क्रियापदाचा. मराठीत पोहे ‘खाल्ले’ जातात आणि जिलेबी ‘खाल्ली’ जाते. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘एट’ हेच रूप राहते. तिसरा भेद शब्दयोगी अव्ययाचा. ‘राजवाड्याजवळ’ यातील ‘जवळ’ नामाच्या मागून येते, तर ‘निअर’ नामाच्या आधी उभे राहते.

इंग्रजी वाक्याला कर्ता बहुधा लागतोच. मराठीत ‘जेवलास का?’ एवढे पुरते. इंग्रजीत ‘यू’ गाळता येत नाही. ‘पाऊस पडतो आहे’ हे सांगताना तर ‘इट इज रेनिंग’ असा नाममात्र कर्ता आणून बसवावा लागतो. ‘मला भूक लागली आहे’ यातील ‘मला’चे शब्दशः भाषांतर केले की विद्यार्थी अडखळतो, इंग्रजीत ‘आय’ला कर्ता करून ‘आय ॲम हंग्री’ म्हणावे लागते.

शब्दांच्या जातींची गोष्ट याहून उद्बोधक आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ जाती मराठी शाळांत शिकवल्या जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. हे दादोबा काही काळ माळव्यातीलच जावरा संस्थानाच्या नबाबाचे शिक्षक होते. त्या काळी लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण सर्वत्र प्रचलित होते. त्याने शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या होत्या. त्यांतील ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत; ती वगळली, की उरतात त्या आपल्या परिचयाच्याच आठ जाती. म्हणजे ज्याला मराठी व्याकरण येते, त्याला इंग्रजी शब्दजातींचा आराखडा आधीच ठाऊक असतो.

इंदूरच्या मुलाची खरी अडचण संज्ञांची आहे. मराठीतील ‘नाम’ हिंदीच्या तासाला ‘संज्ञा’ होते, शब्दयोगी ‘संबंधबोधक’, उभयान्वयी ‘समुच्चयबोधक’ आणि केवलप्रयोगी ‘विस्मयादिबोधक’. इंग्रजीत याच जातींना तिसरी नावे मिळतात. नावे पाठ करण्याच्या खटाटोपात ती एकाच गोष्टीची आहेत, हे मुलाला कोणी सांगत नाही.

शिवाय, जात शब्दाला कायमची चिकटलेली नसते. ती वाक्यातील कार्यावरून ठरते. ‘बुक’ म्हणजे पुस्तक, तेव्हा ते नाम. ‘बुक अ टिकिट’ म्हटले, की तेच क्रियापद. म्हणून सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा वाक्यात कर्ता कोणता, क्रिया कोणती आणि ती कोणावर घडली, हे विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

ही सवय घरच्या भाषेतच सहज लागते. जेवताना बोललेल्या एखाद्या मराठी वाक्याचे अवयव मुलाला ओळखायला लावावे आणि मग तेच वाक्य इंग्रजी क्रमाने मांडायला सांगावे. गोव्यातील घरांनाही हे तितकेच लागू आहे. कारण कोकणीतही क्रियापद सहसा शेवटीच येते. मातृभाषा बाजूला सारून इंग्रजीकडे धावणारे मूल हातातला आराखडा टाकून देते. तो जवळ ठेवला, तर दोन्ही भाषा त्याच्यापाशी राहतात.