घरी बसलेल्या मुलासाठी हातकागद आणि टपाल

सिकलसेल असलेल्या मुलाच्या घरात औषधाचे बोलणे होते, रक्ताचे होते, दवाखान्याच्या चकरांचे होते. पण मधल्या रिकाम्या दिवसांचे कुणी बोलत नाही. दुखणे उठले की शाळा सुटते. दुखणे ओसरले तरी थकवा राहतो. बाहेर पोरं खेळत असतात आणि हे मूल दारात बसून पाहत असते. काही दिवस मित्र येतात, मग येईनासे होतात. हातात मोबाईल दिला की मूल गप्प होते, पण त्याचे एकटेपण जात नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. म्हणून या वेळी आम्ही एका स्वस्त छंदाबद्दल लिहीत आहोत. घरच्या रद्दीपासून हाताने कागद करायचा, त्याची कार्डे करायची आणि ती टपालाने आपल्या माणसांना पाठवायची. या छंदाने आजार बरा होत नाही. पण मुलाचे मन कामात गुंतते, आणि आपल्याला कुणाचे तरी पत्र येणार आहे ही वाट पाहणे त्याच्या दिवसात येते.

आधी आजार समजून घेऊ

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. सिकलसेलमध्ये शरीरात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जीवघेणे दुखणे सुरू होते. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, ताप किंवा जंतुसंसर्ग आणि अतिश्रम यांमुळे हा त्रास उठतो. कागद करण्याचे काम पाण्यातले आहे. म्हणून खालची पद्धत आम्ही मुलाची प्रकृती डोळ्यांसमोर ठेवून सांगत आहोत.

कारखान्याचा कागद आणि घरचा कागद

कागद आपल्या भागाला नवा नाही. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ची. गडचिरोली जिल्ह्यात आष्टीलाही कागद कारखाना उभा राहिला. आपल्या जंगलातला बांबू या कारखान्यांत गेला. तिथे बांबूचे तुकडे तीव्र रसायनांत शिजवून त्याचे तंतू मोकळे करतात. हे घरी कधीही करू नये. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो.

घरी त्याची गरजही नाही. वहीच्या कागदात ते तंतू आधीच मोकळे झालेले असतात. पाण्यात ते सुटतात आणि वाळताना पुन्हा एकमेकांना धरतात. त्यासाठी डिंकही लागत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची परंपरा शतकांची आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम चालवले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तिथले मूळ तत्त्व आणि आपल्या परातीतले तत्त्व एकच आहे.

कागद कसा करायचा

१. जुन्या वह्यांची पाने घ्या. पिना काढा. चकचकीत कागद नको. पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे फाडा. हे काम मूल खाटेवर बसून करू शकते.

२. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा. भांड्यावर झाकण किंवा कापड घट्ट बांधा.

३. सकाळी ते कुटून किंवा कपडे धुण्याच्या मोगरीने ठेचून मऊ लगदा करा. मिक्सर वापरायचा तर त्याचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

४. पसरट टबात कोमट पाणी घ्या आणि त्यात वाटी-दोन वाटी लगदा हाताने मोकळा करा. बांबूच्या कामट्यांची चौकट करून तिच्यावर मच्छरदाणीची जुनी जाळी ताणून बांधा. ही चौकट पाण्यात आडवी घालून सरळ वर उचला. पाणी गळते आणि जाळीवर लगद्याचा पातळ थर राहतो.

५. हा थर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर उलटा टाका. वर दुसरे कापड ठेवून पाटाने दाबा. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. एक-दोन दिवस लागतात.

६. शाई पसरू नये म्हणून वाळलेल्या कागदावर भाताची पातळ पेज ब्रशने फिरवा आणि परत वाळवा.

लगद्यात हळद टाकली तर कागद पिवळा होतो. पळसाची फुले उकळलेले पाणी टाकले तर केशरी छटा येते. चिकटवायला कणकेची खळ पुरते. खळ टिकावी म्हणून काही लोक त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या घरात तो नको. खळ ताजी करावी आणि उरलेली फेकावी.

मुलाची काळजी

पाण्यातले काम, म्हणजे तिसरी-चौथी पायरी, घरातल्या निरोगी माणसाने करावे. मुलाने तुकडे फाडावेत, रंग ठरवावा, चित्र काढावे, पत्र लिहावे. त्याला जाळी उचलायचीच हौस असेल तर पाणी कोमट हवे आणि काम थोडा वेळच. नंतर लगेच हात पुसून कोरडे करावेत. थंडीच्या सकाळी हे काम नको.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा दुपारी काम टाळा आणि मुलाजवळ पाण्याचा तांब्या ठेवा. तहान लागण्याची वाट न पाहता त्याने घोट-घोट पाणी पीत राहावे. फार वेळ उकिडवे बसू देऊ नये, पाठीला टेकू द्यावा. हात-पाय सुजले असतील, दुखत असतील, त्या दिवशी छंद बंद.

ताप आला, छातीत दुखू लागले, धाप लागली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा पोट एकदम फुगून मूल पांढरे पडले, तर घरी थांबू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी छंदाच्या नादात चुकवू नका.

लगद्याचे पाणी कामानंतर लगेच ओतून द्या. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. उरलेला लगदा नालीत टाकू नका, नाली तुंबते. शाईच्या रद्दीचा कागद खाण्याचे पदार्थ ठेवायला वापरू नका.

कार्ड टपालात टाकताना

अमेरिकेतील चित्रकार रे जॉन्सन आपल्या मित्रांना छोटी चित्रे टपालाने पाठवत असे. यात थोडी भर घाला आणि पुढे अमक्याला पाठवा, असे तो लिहून देई. या टपालकलेचे प्रदर्शन १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले. हाच खेळ आपल्या नातेवाइकांत खेळता येतो. मूलच्या मुलीने कार्डाच्या एका कोपऱ्यात ताडोबाचा वाघ काढावा. बल्लारपूरच्या मामेभावाने शेजारी झाड काढावे. आरमोरीच्या आत्याने चार ओळी लिहाव्यात आणि कार्ड परत मुलीकडे पाठवावे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, १६ ऑक्टोबर हे दिवस डोळ्यांसमोर ठेवले तर कामाला मुदत मिळते.

हातकागद जाड असतो, म्हणून कार्ड पाकिटात घाला आणि पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या. २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला ५ रुपयांचे तिकीट लागते, तरी चालू दर विचारून घ्यावा. तिकीट कमी लावले तर पत्र बेरंग होते आणि पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड लिहायला मुलाला शिकवा. चंद्रपूरचा ४४२४०१, गडचिरोलीचा ४४२६०५. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तिकडच्या पत्राला उशीर लागेल हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मोठ्यांनी पाळावी. उघड्या पोस्टकार्डावर मुलाच्या आजाराचे नाव लिहू नका. ते कार्ड वाटेत कुणीही वाचू शकते, आणि आपल्या समाजात सिकलसेल असलेल्या मुलीच्या लग्नाबद्दल काय बोलले जाते ते आपण जाणतो. आजाराची लाज बाळगायची नाही. पण तो कुणाला सांगायचा हे त्या मुलाने किंवा मुलीने ठरवावे.

ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर या महिन्यात त्याला पहिले कार्ड आपण पाठवा. वर ‘जयभीम’ लिहा, खाली आपला पूर्ण पत्ता लिहा, आणि सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेले एक पाकीट घाला.