तिथी बघून धावायचं

मार्गशीर्षातली द्वितीया. सकाळचे सव्वासहा. अलिबागच्या पुळणीवर अजून अंधूक होतं. समोर कुलाब्याचा किल्ला काळ्या ढेकळासारखा दिसत होता आणि मध्ये पाणी नव्हतं. नुसती ओली वाळू, अधूनमधून खडप आणि त्यांवर वाकून कालवं काढणाऱ्या दोन बाया. आम्ही बूट आवळून निघालो, तशी त्यातली एक मान वर न करताच म्हणाली, "दादा, नवाच्या आत माघारी या. पानी फिरला का थांबत नाय."

तिच्या हातात घड्याळ नव्हतं. तिला ते लागतही नाही. कोकण किनाऱ्यावर भरतीचा ठोकताळा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया म्हणजे दोन, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती. त्याच्या आधी साधारण सहा तास पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसात. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला. दर दिवशी भरतीची वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते, त्याचंच हे गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी चार मीटरहून जास्त चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही.

पहाटे धावणाऱ्या माणसासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. अमावास्या-पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी समुद्र मागे गेलेला असतो, पायाखाली घट्ट, ओली, डांबरी रस्त्यापेक्षा मऊ वाळू असते. अष्टमीच्या सकाळी त्याच जागी लाटा असतात आणि वर उरलेल्या भुसभुशीत रेतीत पोटऱ्या भरून येतात.

गेली काही वर्षं मी या किनाऱ्यावर धावतो आहे, आणि माझी खात्री झाली आहे की इथल्या लढाया पुस्तकातून निम्म्याच कळतात. उरलेल्या निम्म्या पायांना कळतात. रेवसपासून मुरूडपर्यंतच्या या पट्ट्यात पोर्तुगीज, इजिप्तचे मामलुक, निजामशाह, सिद्दी, मराठे, इंग्रज हे सगळे एकमेकांशी लढले, आणि बहुतेक वेळा भरती, खाडी आणि पायी लागणारा वेळ यांनी निकालात हात घातला. गाडीच्या काचेतून हे दिसत नाही.

कुलाब्याचंच बघा. किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवरचा हा खडक बांधून काढायचा निर्णय शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये, म्हणजे निधनाच्या अगदी थोडे दिवस आधी घेतला. काम पुरं केलं संभाजी महाराजांनी. दिवसातून दोनदा पाणी या किल्ल्याचा खंदक होतं आणि दोनदा तो खंदक कोरडा पडतो. आत गोड्या पाण्याची सोय आहे, त्यामुळे वेढा पडला तरी पाण्यावाचून तडफडायला नको. तटाचे दगड एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट फटीत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. धावत जाऊन दम खात त्या तटाला हात लावला, की खाऱ्या पाण्यानं गुळगुळीत झालेल्या त्या फटी बोटांना लागतात. आत गणेश पंचायतन आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर १८४९ हे साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे आंग्र्यांचं राज्य खालसा झाल्यानंतरच्या या तोफा. त्यांच्याजवळ उभे राहून लोक मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या लढाया सांगतात, म्हणून हे साल वाचून घ्यावं.

कान्होजींची खरी कसोटी लागली डिसेंबर १७२१ मध्ये. मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी हातमिळवणी केली. सहा हजारांच्या आसपास फौज, कमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजं आणि स्वतः पोर्तुगीज व्हाइसरॉय असा सगळा जमाव चौलला एकत्र आला आणि कुलाब्यावर चालून गेला. शिड्या लावून तटावर चढायचा प्रयत्न झाला. तोवर शाहू महाराजांनी पाठवलेलं घोडदळ पोचलं होतं, पिलाजी जाधव त्यात पुढे होते. पोर्तुगीज फळी फुटली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका घोडेस्वाराचा भाला गेला. त्यानं चिडून त्या स्वाराच्या मागे घोडा घातला आणि पिस्तुलं झाडली, तर ती भरलेलीच नव्हती. मागून बाजीराव पेशवे आले आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले.

त्या फौजेच्या मार्गानंच माझी आवडती लांब धाव आहे. चौलहून निघायचं, नागावच्या वाड्यांमधून, आक्षीवरून अलिबागला. साधारण पंधरा किलोमीटर. पुळणीनं सलग जाता येत नाही, आक्षी-साखरची खाडी आडवी येते, तिथे पुलावरून वळावं लागतं. नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या दोन्ही अंगांनी इतक्या दाट आहेत की सकाळी आठलाही सावली मिळते. आक्षीला रस्त्याकडेला शिलालेख आहे, शके ९३४ असं त्याचं वाचन झालं आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. मिनिटभर थांबावं. बाराव्या-तेराव्या किलोमीटरला पाय जड होतात तेव्हा मनात येतं, की अंगावर दारूगोळा, डोक्यावर ऊन आणि पुढे तट, अशा अवस्थेत ती माणसं याच वाळूतून आली होती. घोडदळानं त्यांना का उधळलं ते मग सांगावं लागत नाही.

चौलहून दक्षिणेला वळलात तर जुनं युद्ध लागतं, आणि माझ्या मते या किनाऱ्यावरचं ते सगळ्यात बोलकं आहे. मार्च १५०८. कुंडलिकेच्या मुखात पोर्तुगीज आरमार उभं होतं, नायक होता व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. माघार घेताना लोरेन्सोचं जहाज खाडीत कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं, तळ फुटून पाणी शिरलं, ते हलेना. लोरेन्सो तिथेच मेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. बापानं पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवला त्याचा सूड घेतला आणि समुद्राची मालकी कित्येक वर्षं पोर्तुगीजांकडे गेली. एवढ्या मोठ्या घडामोडीत चौलच्या कुणा कोळ्याचे खुंट आहेत. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आजचा मुरूडचा रस्ता जातो. तट ओलांडून साळावच्या पुलावर आलं की तीच खाडी खाली असते. पुलावर रहदारी फार, म्हणून धावणाऱ्यांनी सहाच्या आत पूल पार करावा आणि एका ओळीत राहावं. पुढे उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर समुद्रात लांबवर शिरलेला दिसतो. रेवदंड्यापासून कोर्लई पाच-सहा किलोमीटर आहे. गावातून दीपगृहापर्यंत सपाट, तिथून मात्र किल्ल्याची चढण छातीवर येते, आणि ती चालतच चढावी. निजामशाहानं इथे बांधकाम काढलं ते समोरच्या रेवदंड्यावर तोफा रोखण्यासाठी. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला. त्या वेळी एक हत्ती दरवाजातच पडला आणि दरवाजा लावता येईना, अशी हकिगत आहे. वर गेल्यावर दोन्ही काठ एका नजरेत येतात आणि खाडीच्या तोंडासाठी एवढी माणसं का मेली ते दिसतं. १७३९-४० मध्ये मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पोर्तुगीज गेले. कोर्लई गावात मात्र त्यांची भाषा राहिली. काही शे माणसं अजून घरात पोर्तुगीज-मराठी मिसळीची ती बोली बोलतात. सकाळी विहिरीजवळून, अंगणावरून धावताना कानावर पडते. तिच्यासाठी तरी वेग कमी करावा.

उत्तरेला थळ. अलिबागहून वरसोलीमार्गे सहा-सात किलोमीटर. थळच्या किनाऱ्यावर समोर दोन बेटं, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारीनं खांदेरीवर भिंती उठवायला सुरुवात केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी हा तळ, इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाला घेरलं. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वारा नसला तरी वल्ह्यांवर पुढे सरकणाऱ्या. रात्री त्या जहाजांच्या मधून सटकून रसद पोचवत. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठा आरमारानं चढाई केली, 'डव्ह' नावाचं इंग्रजी गलबत हाती लागलं. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा आवरता घेतला. खांदेरी जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. कुलाबा, कोर्लई, रेवदंडा त्या यादीत नाहीत. तिथल्या तटांना वडाची मुळं फोडताहेत आणि पायथ्याशी बाटल्यांचा खच आहे. वारसा यादीवर अवलंबून नसतो, म्हणून हे बघवत नाही.

ज्यांना समुद्राचा कंटाळा आला असेल त्यांनी पोयनाड-कामार्ल्याच्या बाजूला शेतातून धावावं. खारभूमीचे बांध, दोन्हीकडे भाताची खाचरं, एकही चढ नाही. कामार्ल्याजवळ एप्रिल १७३६ मध्ये बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांनी सिद्दीचा सरदार सिद्दी सात याला गाठून मारलं आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा या भागातला दरारा संपला. जवळच चरी. तिथे १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत म्हणून संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. तो लढा बिनतोफेचा होता, पण त्या बांधांवरून धावताना मी त्यालाही लढाईच म्हणतो. सहा वर्षं नांगर न धरता जगलेली ही गावं आहेत.

मुरूडहून राजपुरीची पाच-एक किलोमीटरची धाव सुंदर आहे. जंजिरा आणि पद्मदुर्ग दोन्ही दिसतात. तो इतिहास मात्र एका परिच्छेदात मावणारा नाही, तो स्वतंत्र लिहायला हवा.

दिवाळी ते होळी हा इथला धावायचा हंगाम. मडक्यात शेकलेल्या वालाच्या शेंगांचा, म्हणजे पोपटीचाही याच दिवसांत. सकाळी वीस किलोमीटर झाल्यावर संध्याकाळी मडक्यातले वाल सोलत बसणं हा त्या दिवसाचाच भाग आहे. पावसाळ्यात पुळणीवर आणि खडपांवर जाऊ नका. कुलाब्याच्या तटावर चढू नका, ते दगड चुन्यानं बांधलेले नाहीत. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं खिशातच परत आणा. वाडीतून जायचं असेल तर आधी मालकाला विचारा. ते नाही म्हणत नाहीत, पण न विचारता गेलेलं त्यांना लागतं.

कुलाब्याकडे जाणार असाल तर तिथीची पाऊणपट करा, भरतीच्या छापील तक्त्याशी ती ताडून बघा, आणि किनाऱ्यावर कालवं काढणारी बाई भेटली तर तिलाही विचारा. ती सांगेल त्याच्या अर्धा तास आधी परत या.